‘डेड मॅन वॉकिंग’मधल्या सिस्टरचं काम नेमकं काय होतं?

‘डेड मॅन वॉकिंग’ पाहून झाला की चर्चा बहुतेक वेळा एकाच वळणावर जाते: सिनेमा फाशीच्या बाजूचा की विरोधातला? त्या वादात एक साधी गोष्ट नजरेतून सुटते. सिस्टर हेलन ही कॅथलिक धर्मभगिनी मृत्युदंडाच्या कैद्याचा, मॅथ्यू पॉन्सलेटचा, जीव वाचवायला धडपडते हे खरं, पण ते काम मुळात वकिलाचं आहे आणि त्यात दोघंही हरतात. तिचं स्वतःचं काम निराळं आहे आणि ते ती अगदी शेवटच्या तासाभरात पुरं करते: ज्याने खून केला त्याच्या तोंडून ‘हो, मी केला’ हे निघेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहणं. हे काम अमेरिकेतल्या तुरुंगात कुठे बसतं, त्याचे नियम काय, ते कुठे फसतं, हे ठाऊक असलं की सिनेमा बराच उलगडतो.

आधी एका शब्दाचा घोटाळा मिटवू. मराठीत आपण मृत्युदंडाला सरसकट ‘फाशी’ म्हणतो, कारण आपल्याकडे ती दोरानेच होते. या सिनेमात दोर नाही. लुइझियाना राज्यात १९९१ पर्यंत विजेची खुर्ची होती, त्यानंतर विषारी इंजेक्शन आलं. सिनेमा १९९५ च्या डिसेंबरचा, त्यामुळे पडद्यावर इंजेक्शन आहे. पण ज्या खऱ्या घटनांवर तो बेतला त्या १९८४ च्या, आणि त्यातल्या दोन्ही खऱ्या कैद्यांना खुर्चीवरच मारलं होतं. हा बदल दिग्दर्शक टिम रॉबिन्सने जाणूनबुजून केला. खुर्ची दाखवली असती तर प्रेक्षकाला सुटायला वाट मिळाली असती: ‘ते जुनं झालं, आता आम्ही असं करत नाही.’ इंजेक्शनमुळे ती वाट बंद झाली.

नावाचा अर्थही इथेच सांगून टाकू. शिक्षेच्या खोलीकडे कैद्याला नेताना पहारेकरी ‘डेड मॅन वॉकिंग’ अशी आरोळी देतो. मेलेला माणूस चालतोय, वाट सोडा.

दोन माणसांचा एक पॉन्सलेट

मॅथ्यू पॉन्सलेट नावाचा कैदी कधी नव्हता. सिस्टर हेलन प्रेजाँ मात्र आहेत: १९३९ साली लुइझियानातल्या बॅटन रूज इथे जन्म, सेंट जोसेफच्या धर्मभगिनींपैकी एक. (खऱ्या सिस्टरना ‘त्या’ म्हणू आणि पडद्यावरच्या हेलनला ‘ती’, म्हणजे गोंधळ नको.) त्या न्यू ऑर्लिन्सच्या सेंट थॉमस या गरीब वस्तीत राहून काम करत होत्या. १९८२ मध्ये तिथे त्यांना कुणीतरी विचारलं, मृत्युदंडाच्या एका कैद्याला पत्र लिहाल का? त्या हो म्हणाल्या. तो कैदी म्हणजे एल्मो पॅट्रिक सॉनियर. ५ एप्रिल १९८४ ला त्याला लुइझियानातल्याच अंगोला नावाच्या तुरुंगात मारलं, तेव्हा त्या समोर होत्या. त्याच वर्षी २८ डिसेंबरला रॉबर्ट ली विली. तिथेही त्याच. १९९३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. ते सुझन सॅरंडनच्या हाती पडलं आणि तिने ते रॉबिन्सच्या गळी उतरवलं. पुढे हेलनच्या भूमिकेसाठी सॅरंडनला ऑस्कर मिळालं. पॉन्सलेट झालेल्या शॉन पेनला ऑस्करचं नुसतं नामांकन मिळालं, बर्लिनच्या महोत्सवात मात्र सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य अस्वल त्याने नेलं.

पॉन्सलेट या दोघांना जोडून बनवला आहे. जंगलात नेऊन मारलेलं तरुण जोडपं सॉनियरच्या खटल्यातलं. वंशद्वेषी बडबड, हातांवरची गोंदणं, मुलाखतीत तोंडाने ओढवून घेतलेलं संकट, हा सगळा माज विलीचा. शेवटचे शब्दसुद्धा दोघांचे शिवलेले आहेत. सॉनियरने मारलेल्या मुलाच्या वडिलांची माफी मागितली होती. विलीने मात्र मुलीच्या आईवडिलांना, माझ्या मरणाने तुम्हाला थोडा आराम मिळो, असं सांगून वर सुनावलं होतं की मारणं वाईटच, मग ते माणसाने करो की सरकारने. पडद्यावर पॉन्सलेट एका कुटुंबाची माफी मागतो, दुसऱ्याला आरामाची गोष्ट बोलतो आणि शेवटी ते वाक्य उच्चारतो. तिथे त्याचा सूर किंचित दोन माणसांसारखा वाटतो, त्याचं कारण हे आहे.

या जोडणीत एक फार मोठी गोष्ट गाळली गेली. सॉनियरबरोबर त्याचा धाकटा भाऊ एडी गुन्ह्यात होता. एडीला जन्मठेप झाली, पॅट्रिकला मृत्युदंड. गोळ्या मी झाडल्या, असं एडी नंतर म्हणत राहिला. म्हणजे खऱ्या प्रकरणात, मेला तो माणूस बंदूक चालवणारा होता का, हीच शंका उरली. सिनेमाने ती ठेवली नाही. पॉन्सलेटचा साथीदार व्हिटेलो भाऊ नाही, आणि पॉन्सलेट स्वतः मुलावर गोळी झाडल्याचं आणि मुलीवर बलात्कार केल्याचं शेवटी कबूल करतो. आमच्या मते रॉबिन्सचा हा सर्वांत धीट निर्णय. निरपराध माणसाला मारू नये, हे पटवायला सिनेमा लागत नाही. अपराधी माणसासमोर बसवलं की प्रेक्षकाची खरी कसोटी. आणि काळही तसाच होता: १९९४ मध्ये गॅलपच्या पाहणीत अमेरिकेतले ८० टक्के लोक मृत्युदंडाच्या बाजूने होते.

वकिलाची बाजू: दारं किती आणि बंद कशी होतात

सिनेमात कायद्याचा भाग भराभर येतो, म्हणून थोडं थांबून पाहू.

अमेरिकेत मृत्युदंडाचा खटला दोन टप्प्यांत चालतो. पहिल्यात ज्युरी, म्हणजे सामान्य नागरिकांचं पंचमंडळ, गुन्हा ठरवते, दुसऱ्यात शिक्षा. दुसऱ्या टप्प्यात बचावाच्या वकिलाने आरोपीचं सगळं आयुष्य मांडायचं असतं: बालपण, मारहाण, व्यसन, मेंदूला इजा, घरातली माणसं. शिक्षेचा फैसला बहुतांशी इथेच होतो. पॉन्सलेटला सरकारने दिलेला वकील करप्रकरणांचा. खून आणि मृत्युदंडाच्या खटल्याचा अनुभव शून्य. व्हिटेलोला चांगला वकील मिळाला आणि त्याला जन्मठेप झाली. एकाच रात्रीचा, एकाच जागचा गुन्हा, आणि शिक्षांमध्ये जीवन-मरणाचं अंतर. दयेच्या सुनावणीत वकील हिल्टन बार्बर नेमकं यावर बोट ठेवतो: श्रीमंत माणूस या खोलीपर्यंत येत नाही.

शिक्षा झाल्यावर क्रम असा: राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात थेट अपील. मग राज्याच्याच न्यायालयात नवे मुद्दे, म्हणजे वकील नालायक होता, पुरावा दडवला, वगैरे. मग तीच लढाई संघराज्याच्या न्यायालयांत: जिल्हा, त्यावर सर्किट म्हणजे विभागाचं अपील न्यायालय, सगळ्यात वर वॉशिंग्टनचं सर्वोच्च न्यायालय. शेवटी दया मंडळ आणि गव्हर्नर. लुइझियानात गव्हर्नर एकटा दया देऊ शकत नाही, मंडळाची शिफारस लागते. त्यामुळे सिनेमात मंडळाने नाही म्हटलं तिथेच निम्मा खेळ संपतो. पुढे गव्हर्नरची भेट होते ती थोड्या दिवसांची स्थगिती तरी मिळेल या आशेवर.

मोठी मेख अशी की खटल्याच्या वेळी वकिलाने हरकत घेतली नसेल, तर वरच्या न्यायालयात तो मुद्दा बहुधा ऐकूनच घेतला जात नाही. खालचा वकील जिथे गप्प बसला, तिथे वरचा हुशार वकीलही हात बांधून उभा. सिनेमानंतर चारच महिन्यांत, एप्रिल १९९६ मध्ये, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून संघराज्याच्या न्यायालयात जायला एक वर्षाची मुदत घातली आणि दुसरा अर्ज जवळजवळ अशक्य केला. आज पॉन्सलेटला पडद्यावरच्यापेक्षाही कमी दारं मिळाली असती.

आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणजे कोण

तुरुंगात एक चॅपलिन, म्हणजे तुरुंगाचा धर्मगुरू, असतो. तो पगारी माणूस, सरकारचा. सिनेमातला फादर फार्ली तसा आहे: हेलन सिस्टरांचा पारंपरिक पोशाख का घालत नाही हे आधी विचारणारा, आणि ही माणसं तुला गंडवतील असं बजावणारा. हेलनसारखा आध्यात्मिक मार्गदर्शक मात्र कैदी स्वतः निवडतो. तो बाहेरचा असतो, त्याची पार्श्वभूमी तपासून तुरुंग त्याला परवानगी देतो. शेवटच्या दिवसांत घरच्यांना ठराविक वेळीच आत सोडतात, मार्गदर्शकाला तासन्‌तास बसता येतं. घरच्यांना बाहेर काढल्यावर कैद्याजवळ तोच उरतो.

फार्ली आणि हेलन यांच्यातला झगडा कॅथलिक नसलेल्या वाचकाच्या सहज लक्षात येत नाही. फार्लीच्या लेखी काम स्पष्ट आहे: मरण्यापूर्वी कैद्याला संस्कार मिळाले पाहिजेत, म्हणजे पापनिवेदन आणि कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद). तो विधी झाला की आत्मा सुरक्षित. पापक्षमा देण्याचा अधिकार फक्त धर्मगुरूला आहे, सिस्टरला नाही. वसईकडच्या कुठल्याही कॅथलिक घरात हे पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे शेवटच्या रात्री पॉन्सलेट हेलनसमोर जे सांगतो तो संस्कार नव्हे. संस्काराच्या हिशेबात त्याला मोल नाही म्हटलं तरी चालेल. हेलनच्या हिशेबात मात्र त्याच्याशिवाय विधीला अर्थ नाही.

पॉन्सलेटचा स्वतःचा हिशेब आणखी सोपा: येशू माझ्यासाठी मेला, म्हणजे माझं खातं मिटलं. हेलन त्याला तिथे अडवते. तारण म्हणजे पैसे भरून मिळणारं तिकीट नव्हे, तुलाही त्यात उतरावं लागेल, असं सांगते. बायबल वाचतोस की त्यात पळवाट शोधतोयस, असंही एकदा थट्टेत विचारते. मग योहानाच्या शुभवर्तमानातलं, सत्य तुम्हाला मोकळं करील, हे वचन त्याच्या हाती ठेवते. तो लगेच त्याचा वकिली अर्थ लावतो: म्हणजे खोटं पकडणाऱ्या यंत्रावर पास झालो तर सुटलो! चाचणी होते, निकाल त्याच्या उपयोगाचा येत नाही, कारण मृत्यूला काही तास उरलेल्या माणसाच्या अंगातला ताणच त्या यंत्राला दिसतो. हा प्रसंग हसू आणणारा आहे आणि नेमकाही. सत्य हा शब्द वकिलाच्या आणि सिस्टरच्या तोंडी किती वेगळा असतो, ते इथे कळतं.

ती त्याच्याकडून कबुली कशी मिळवते? दडपण आणून नाही. शिकण्यासारखी पद्धत आहे. ती आधी त्याच्या खोटेपणाला धरून प्रश्न विचारत राहते: त्या रात्री तू काय प्यायला होतास, व्हिटेलो कुठे उभा होता, तू मान का वळवली नाहीस. प्रत्येक वेळी तो दुसऱ्यावर ढकलतो, पण दर वेळी गोष्ट थोडी बदलते. त्याची बढाई, वंशद्वेष, तिच्याशी लाडीगोडी करण्याचा प्रयत्न, यांपैकी कशालाही ती मान देत नाही आणि त्यासाठी उठूनही जात नाही. तिसरं आणि सगळ्यात अवघड, ती मेलेल्या मुलांच्या आईबापांची दुःखं त्याच्या कानांवर घालत राहते. कबुली येते तेव्हा त्याला सुटकेची आशा उरलेली नसते. शेवटचं अपील फेटाळलं गेलंय, आता खोटं बोलून काहीच पदरात पडणार नाही. वकिलाची दारं बंद झाली तेव्हाच हे दार उघडतं. हा योगायोग नाही. अपील चालू असताना कबुली देऊ नये, असं कुठलाही शहाणा वकील अशिलाला सांगेल. दोन कामं एकमेकांच्या आड येतात आणि मार्गदर्शकाला त्या फटीत काम करावं लागतं.

फसतं कुठे

सिस्टर प्रेजाँ यांनी स्वतःची सगळ्यात मोठी चूक मोकळेपणाने मांडली आहे: सॉनियरच्या वेळी त्या आधी मृतांच्या घरी गेल्याच नाहीत. आपण गेलो तर त्यांना त्रास होईल, असं त्यांना वाटलं. सुनावणीच्या वेळी मुलाच्या वडिलांनी त्यांना सुनावलं की तुम्ही त्याच्याजवळ बसता, आमच्याकडे एकदाही आला नाहीत. सिनेमात हे मुलाचे वडील डेलाक्रॉ यांच्या तोंडी आहे. हेलन मग दोन्ही घरी जाते. मुलीचे आईवडील, पर्सी पतिपत्नी, आधी तिला आत घेतात, मुलीबद्दल भडभडून सांगतात, आणि ती अजूनही पॉन्सलेटच्या सोबत आहे असं कळताच दार दाखवतात. तिने फसवलेलं नसतं, पण त्यांनी गृहीत धरलं होतं की आलीय म्हणजे बाजू बदलली असेल. आपण दोन्ही घरी जातो हे पहिल्याच भेटीत, चहा पुढे येण्याआधी सांगायला हवं, एवढा धडा या प्रसंगातून सहज निघतो. प्रेजाँ यांनी पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये खून झालेल्यांच्या नातलगांसाठी ‘सर्व्हाइव्ह’ हा गट सुरू केला.

दुसरी फसगत अगदी शारीरिक. उपाशीपोटी, उकाड्यात, ताणात हेलन तुरुंगात भोवळ येऊन पडते, तिला दवाखान्यात नेतात, आणि पॉन्सलेटजवळचे मोलाचे तास वाया जातात. आधीच ज्याला सगळे सोडून गेलेत त्याला वाटतं, हीही गेली.

शेवटचा दिवस, खोली, काच

अंगोला म्हणजे लुइझियानाचा राज्य कारागृह: सुमारे १८,००० एकर, पूर्वीचा गुलामांचा मळा, तीन बाजूंनी मिसिसिपी नदी. नावसुद्धा त्या गुलामांच्या आफ्रिकेतल्या मुलखावरून. मृत्युदंडाच्या दिवशी तिथे सगळं ठराविक वेळापत्रकाने चालतं आणि सिनेमा ते जवळजवळ बिनसंगीताचं दाखवतो. वजन-उंची मोजली जाते. आईला शेवटच्या भेटीत मिठी मारू देत नाहीत. शेवटचं जेवण, त्यात पॉन्सलेट आयुष्यात पहिल्यांदा कोळंबी खातो. डोकं नाही पण पाय भादरतात, लंगोट बांधतात, आणि त्याचे बूट काढून सपाता देतात. या सगळ्यात तो चिडतो कशावर, तर बुटांवर. बूट घालून चालत जायचं होतं त्याला. लिहिणाऱ्याने हे मनाने रचलं असतं तर इतकं अचूक जमलं नसतं असं वाटत राहतं.

बांधणारं पथक वेगळं असतं आणि त्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला शरीराचा एकच भाग येतो. एक पहारेकरी हेलनला सांगतो की माझ्याकडे डावा पाय. काम असं वाटून दिलं की कुणी एक जण ‘मी मारलं’ म्हणत नाही. ज्या सिनेमात एका माणसाकडून ‘मी मारलं’ एवढंच वदवून घ्यायचं आहे, त्यात हा तपशील मुकाट्याने बरंच काही बोलतो.

चालताना हेलनला त्याच्या खांद्यावर हात ठेवू देतात. सबंध सिनेमात ते पहिल्यांदाच एकमेकांना स्पर्श करतात. याआधी मधे कायम काहीतरी असतं: भेटीच्या खोलीत बारीक जाळी, मग गज, शेवटी काच. छायाचित्रकार रॉजर डीकिन्सने हे अडसर खुबीने वापरलेत. सुरुवातीला जाळी चेहऱ्याआधी दिसते, पुढे पुढे चेहरे स्पष्ट होत जातात, तर काचेत दोघांची प्रतिबिंबं एकमेकांवर पडतात. ती यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, पाण्यातून चाललास तरी मी तुझ्याबरोबर असेन, या अर्थाचं वचन वाचत चालते. काचेपलीकडून हात पुढे करून ती त्याला सांगते, माझ्याकडे बघत राहा.

इंजेक्शनचं तंत्र १९७७ मध्ये ओक्लाहोमात ठरलं आणि टेक्ससने ते ७ डिसेंबर १९८२ ला पहिल्यांदा वापरलं. तीन औषधं. पहिलं थायोपेंटल, भुलीचं. दुसरं पॅन्क्युरोनियम, स्नायू लुळे पाडणारं, ज्याने श्वास थांबतो. तिसरं पोटॅशियम क्लोराइड, हृदय बंद पाडणारं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या केंटकीच्या प्रकरणात थायोपेंटलची मात्रा होती तीन ग्रॅम. शस्त्रक्रियेत भुलीसाठी थायोपेंटल साधारण पाव ग्रॅम पुरतं, म्हणजे इथे दहा-बारा पट. तरी बिघडतं ते औषधाने कमी आणि नसेमुळे जास्त. सुई नसेतून निसटली की औषध मांसात साचतं, भूल अर्धवट राहते. मग दुसरं औषध माणसाला लुळं करतं, तिसरं नसांमधून आगीसारखं जातं, आणि त्याला ओरडता येत नाही, बोटही हलवता येत नाही. बघणाऱ्याला शांत झोप दिसते. बार्बर दया मंडळापुढे हेच सांगतो: चेहरा झोपतो, आत हलकल्लोळ. शिवाय डॉक्टरांच्या संघटनेचे नीतिनियम डॉक्टरांना या कामात भाग घ्यायला मनाई करतात, त्यामुळे सुई बहुधा कमी सराव असलेल्या हाती. २९ एप्रिल २०१४ ला ओक्लाहोमात क्लेटन लॉकेटच्या जांघेतली सुई बिघडली, ती जागा चादरीखाली झाकलेली होती, आणि मरायला त्याला ४३ मिनिटं लागली.

मृत्यूच्या क्षणांमध्ये रॉबिन्स त्या रात्रीचा गुन्हा मिसळतो. इतका वेळ तुकड्या-तुकड्यांत, पॉन्सलेटच्या सोयीने सांगितलेली घटना इथे प्रथमच सलग आणि खरी दिसते. काचेत मारलेल्या दोघांचे चेहरे उमटतात. वरून घेतलेल्या दृश्यात टेबलावर हात पसरलेला पॉन्सलेट आणि जंगलात पडलेली मुलं. क्रुसाची आठवण होणारच. आम्हाला ती थोडी जास्त झाल्यासारखी वाटते, पण मृतांना विसरून कैद्याची कीव करायला सिनेमा एक सेकंदही देत नाही, हे मान्य करायला हवं.

आपल्याकडच्या वाचकाने एवढा फरक ध्यानात ठेवावा. भारतात ज्युरी नाही. १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ ही कसोटी न्यायाधीशच लावतात. २०१४ च्या निकालानुसार दयेचा अर्ज फेटाळल्यापासून शिक्षेपर्यंत किमान १४ दिवस द्यावे लागतात. मृताच्या नातलगांना काचेमागे बसवण्याची पद्धत नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत कैद्याची इच्छा असेल तर त्याच्या धर्माचा पुरोहित फाशीच्या जागी हजर राहू शकतो, पण तो अधीक्षकाच्या मर्जीवर. महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूरला आहे.

त्यानंतर काय झालं

हेलनच्या खांद्यावरच्या हाताचा प्रश्न २५ वर्षांनी चक्क सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत अलाबामाने डॉमिनिक रे या मुस्लिम कैद्याला खोलीत इमाम नाकारला, कारण खोलीत फक्त तुरुंगाचा ख्रिस्ती चॅपलिन चालत होता. न्यायालयाने शिक्षा होऊ दिली. पुढच्याच महिन्यात टेक्ससच्या एका बौद्ध कैद्याची शिक्षा मात्र तशाच कारणाने थांबवली. टेक्ससने यावर अजब तोडगा काढला: मग कुणाचाच धर्मगुरू नको, सगळे बाहेर! २०२१ मध्ये तो नियम मागे घेतला, पण आत आलेल्याने बोलायचं नाही आणि हात लावायचा नाही. जॉन रामिरेझने त्यावर दावा केला. सरकारचं म्हणणं, हात लागून सुई निघेल. २४ मार्च २०२२ ला आठ विरुद्ध एक मतांनी निकाल लागला: सुईपासून दूर, पायाला वगैरे हात लावता येईल, मोठ्याने प्रार्थनाही करता येईल. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यासाठी फाशीच्या तख्ताशी प्रार्थना करण्याच्या जुन्या परंपरेचा दाखला दिला. त्याच ऑक्टोबरात रामिरेझला मारलं तेव्हा त्याच्या पाद्र्याचा हात त्याच्यावर होता.

चर्चही हललं. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला मृत्युदंडाचा परिच्छेद आवळला गेला. त्याआधी सिस्टर प्रेजाँ यांनी पोपना पत्र लिहिलं होतं. २ ऑगस्ट २०१८ ला पोप फ्रान्सिस यांनी तो परिच्छेद बदलून मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत अस्वीकार्य ठरवला. सिनेमात बायबलच्या आधाराने मृत्युदंडाची बाजू घेणाऱ्या फार्लीच्या पायाखालची जमीन, म्हणायचं तर, त्याच्याच वरिष्ठांनी काढली.

औषध कंपन्यांनी पुरवठा बंद केल्यावर काही राज्यांनी मुखवट्यातून नायट्रोजन द्यायला सुरुवात केली. २५ जानेवारी २०२४ ला अलाबामात पहिल्यांदा. तिथे मार्गदर्शकालाच जिवाला धोका: वायू गळला तर तोही गुदमरणार. म्हणून त्याच्याकडून आधी सही घेतली की तीन फूट लांब राहीन. पुढच्या वर्षी लुइझियानाही त्याच मार्गाने गेलं. तिथे १५ वर्षांत एकही मृत्युदंड झाला नव्हता. १८ मार्च २०२५ ला अंगोलात जेसी हॉफमनला नायट्रोजनने मारलं. तो बौद्ध होता. त्याचं न्यायालयात म्हणणं असं की मरताना श्वासावर ध्यान लावणं हा माझा धर्म आहे आणि तुम्ही नेमका श्वासच हिरावून घेता आहात. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी स्थगिती नाकारली. त्याचा बौद्ध मार्गदर्शक मात्र त्याच्याजवळ होता.